बायकोचे दात आणि डॉक्टरांचं कपाट

मला कुणाचं वाईट करायचं नव्हतं. मला फक्त एक डबी थोडे दिवस नजरेआड करायची होती. साबणाच्या वडीएवढी गुलाबी डबी, आणि तिच्यात माझ्या बायकोची दातांवर बसवायची प्लास्टिकची पट्टी. एवढ्याशा वस्तूपायी माणसाची किती शोभा होते हे आधी कळलं असतं, तर मी त्या रविवारी जेवण करून गुमान आडवा झालो असतो. पण मी आडवा झालो नाही. आडवा गेलो.

मी दादासो. साखर कारखान्याच्या गट ऑफिसात क्लार्क आहे. उसाला तोड कधी येणार हे शेतकऱ्याला सांगणं (म्हणजे इतक्यात येणार नाही हे गोड शब्दांत सांगणं) हे माझं काम. भवानीनगरच्या अलीकडं आमची वस्ती. घरात मी, माझी आई प्रयागबाई, बायको उत्कर्षा आणि एक म्हैस. उत्कर्षा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. माहेर पणदऱ्याचं, त्यामुळं बोलायला तशी कमी नाही. पण तिचे वरचे दात पुढं होते, आणि त्यातला एक शेजाऱ्याच्या बांधावर चढून बसावा तसा दुसऱ्यावर चढलेला होता. मला त्याचं काही वाटायचं नाही. तिला वाटायचं. हसू आलं की तिचा हात आपोआप तोंडावर जायचा. लग्नाच्या फोटोत सगळं वऱ्हाड हसतंय आणि नवरी ओठ घट्ट मिटून उभी आहे. बघणाऱ्याला वाटावं, मुलीच्या मनाविरुद्ध चाललंय. शाळेत काही कार्यक्रम असला की ही मागं, चहाच्या टेबलापाशी. माईक बघितला की दोन पावलं आणखी मागं.

मागं एकदा तिच्या शाळेत मुलांचे दात तपासायला बारामतीहून डॉक्टर सौरभ आले होते. वाकडे दात सरळ करणं हाच त्यांचा धंदा. सगळ्या पोरांची तोंडं बघून झाल्यावर हिनं हळूच विचारलं, मोठ्या माणसांचे दात सरळ होतात का. ते म्हणाले, हिरड्या आणि हाड चांगलं असलं की वयाचं काही अडत नाही. घरी येऊन तिनं मला विचारलं, काय करू. आमचा गळीत हंगाम चालू होता. मी म्हणालो, बघ तुझं तू. (हे वाक्य मी आयुष्यात ज्या ज्या वेळी बोललो, त्या त्या वेळी नंतर मलाच बघावं लागलंय.)

तिच्या दातांना तारा लागल्या. महिन्याच्या महिन्याला ती एसटीनं बारामतीला जायची, तारा आवळून यायची आणि पुढचे दोन दिवस मऊ भातावर काढायची. मी एकदाही बरोबर गेलो नाही. हंगाम असला की हंगाम आहे म्हणायचो, आणि हंगाम संपला की पुढच्या हंगामाच्या नोंदी आहेत म्हणायचो.

या काळात आमच्या घरात एक माणूस वाढला. डॉक्टर सौरभ. ते जेवायला नसायचे, पण ताटात असायचे. पेरू फोडी करून खायचा, डॉक्टरांनी सांगितलंय. कणीस दातांनी सोलायचं नाही, डॉक्टरांनी सांगितलंय. आणि ऊस तर बघायचासुद्धा नाही. साखर कारखान्याच्या क्लार्कच्या घरात, चारी बाजूंनी ऊस उभा असताना, ऊसबंदी. तारांवर बारीक रंगीत रबरं असायची, त्यांचा रंग दर खेपेला बदलायचा. एकदा ती मोरपंखी रबरं लावून आली. मी विचारलं, हा रंग कुणी काढला. ती म्हणाली, डॉक्टर म्हणाले, हा तुम्हाला उठून दिसेल.

मी लग्नापासून तिला जितक्या साड्या आणल्या त्या सगळ्या तपकिरी. (तपकिरी मळत नाही.) त्या दिवशी माझ्या पोटात पहिल्यांदा बारीक कळ आली. मला वाटलं ॲसिडिटी. दोन दिवस गोळ्या खाल्ल्या. मग तिच्या फोनवर डॉक्टरांचा फोटो बघितला. उंच, तरतरीत, आणि दात असे की मक्याच्या कणसानं लाजावं. कळ पुन्हा आली, आणि मला कळलं की या दुखण्याला मेडिकलमध्ये गोळी मिळत नाही.

एकदाच्या तारा निघाल्या. मी तिला आणायला स्टँडवर गेलो होतो. ती एसटीतून उतरली आणि माझ्याकडं बघून हसली. तोंडावर हात न ठेवता, पूर्ण. मी मागं वळून बघितलं, मागं कोण आहे.

आता संपलं, असं मी धरून चाललो. अक्षता पडल्या, भटजी आपल्या घरी गेले. पण पुढच्या खेपेला ती बारामतीहून ती गुलाबी डबी घेऊन आली. आत दातांच्या आकाराची, काचेसारखी आरपार पट्टी. तिला म्हणायचं रिटेनर. दात सरळ झाले ना, मग आता हे काय, असं मी विचारलं. तिनं मला शाळेतल्या पोराला सांगावं तसं सावकाश सांगितलं. तारांनी दात सरकवून जागेवर आणले, पण ते अजून नव्या जागी रुजलेले नाहीत. मुळांभोवतीचं हाड भरून यायला वेळ लागतो, आणि हिरड्यांतले तंतू दातांना जुन्या जागेकडं ओढत राहतात. म्हणून ही पट्टी घालून त्यांना धरून ठेवायचं. जेवताना आणि दात घासताना तेवढी काढायची, बाकी दिवसरात्र घालायची. पुढं फक्त रात्री घातली तरी चालेल, पण रात्रीची मात्र वर्षानुवर्षं.

आईला हे माझ्या आधी कळलं. "व्हय की," ती म्हणाली. "वासरू नव्या गोठ्यात आनून बांधलं तरी दावं सुटलं की जुन्या खुट्याकडंच पळतंय. थोडं दिवस बांधूनच ठेवावं लागतंय."

मला त्या सगळ्यातला एकच शब्द ऐकू आला. वर्षानुवर्षं.

पट्टी घातली की सुरुवातीला तिचे उच्चार बिघडायचे. 'स'चा 'श' व्हायचा. आमच्या घरात 'शाखर' झाली. डॉक्टर म्हणाले, रोज मोठ्यानं वाचा, जीभ वळेल. म्हणून ती रोज संध्याकाळी पट्टी घालून पेपर वाचायला लागली. आई भिंतीला टेकून ऐकायची, मी शेजारच्या खोलीतून ऐकायचो, आणि म्हशीलाही बाजारभाव पाठ झाले असावेत. वाचता वाचता तिची जीभ वळली, आणि नुसती वळली नाही तर आवाज मोकळा झाला. शाळेत परिपाठाला तिचा आवाज ऐकून मुख्याध्यापक थबकले. वालचंदनगरला शिक्षकांचा मेळावा होता. त्याचं सूत्रसंचालन तुम्ही करा, असं त्यांनी तिला म्हटलं. आणि जिनं जन्मात माईक धरला नव्हता ती माझी बायको हो म्हणाली.

मला आनंद व्हायला हवा होता. झालाही होता, साधारण चहा निवेपर्यंत. मग तिनं सांगितलं की मुलांच्या दातांची निगा या विषयावर बोलायला प्रमुख पाहुणे येणार आहेत. कोण येणार हे मी विचारलं नाही. माझ्या पोटानं मला आधीच सांगितलं होतं.

ती आरशापुढं उभी राहून पाहुण्यांची ओळख पाठ करायची. "ज्यांच्या हातांनी असंख्य चेहऱ्यांवर हसू फुलवलं, असे आपल्या सर्वांचे लाडके डॉक्टर सौरभ." एकदा असं, मग थोड्या वेगळ्या सुरात, मग पुन्हा. 'हसू फुलवलं' म्हटल्यावर ती किंचित थांबायची. मी खाटेवर पडून ऐकत होतो. माझी ओळख ती इतकी वर्षं चारचौघांत 'हे आमचे हे' अशी करून देत आलीय. मी काय कुणाच्या चेहऱ्यावर हसू फुलवलं नाही? गट ऑफिसात मी तोडीची तारीख सांगितली की शेतकरी एकमेकांकडं बघून हसतातच की.

तर तो रविवार. जेवायला बसण्याआधी तिनं पट्टी काढली, धुऊन डबीत ठेवली, डबी मोरीवरच्या फळीवर ठेवली आणि म्हणाली, जेवल्यावर लगेच घालायला हवी, डॉक्टरांनी सांगितलंय. मी भाकरी मोडता मोडता हिशेब मांडला. ही पट्टी दिवसातून जितक्या वेळा निघते आणि जितक्या वेळा बसते, तितक्या वेळा या घरात डॉक्टरांचं नाव निघतं. पट्टीच नसेल तर नाव निघायचं कारण नाही. मेळावा होईपर्यंत ती कुठंतरी राहू दे. मग एक दिवस आपण म्हणायचं, अगं, ही बघ मला कुठं सापडली. शाबासकी आपल्याला. ती पाणी आणायला माठाकडं गेली, आणि मी हात धुवायच्या निमित्तानं उठलो. डबी खिशात, खिशातून स्कूटरच्या डिकीत, रेनकोटच्या खाली.

पुढं काय झालं ते मी बघत उभा राहिलो, दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. उत्कर्षानं फळी बघितली, भांड्यांची मांडणी बघितली, केराची बादली उपडी केली. मीही शोधल्यासारखं केलं. (डब्याच्या झाकणाखाली सुद्धा बघितलं. कुठल्या डब्याच्या ते आठवत नाही.) मग आईच्या लक्षात आलं की खरकट्याचं पातेलं तिनं नुकतंच म्हशीच्या आंबोणात ओतलं होतं. सगळे गोठ्यात. आईनं म्हशीचं तोंड उघडून आत बोट फिरवलं.

"हिला वरचं म्होरलं दातच न्हायती," आई म्हणाली. "ही कशाला दातांची पट्टी घील? पन भुकंचं काय सांगता येत न्हाय."

दुसऱ्या दिवसापासून माझी आई रोज सकाळी काटकीनं म्हशीचं शेण चिवडून बघायला लागली. सुनेचं काम आहे म्हणून अगदी मन लावून. मी ओट्यावर चहा घेत ते बघायचो आणि चहा काही गोड लागायचा नाही.

उत्कर्षानं डॉक्टरांना फोन लावला. ते लांबच्या नातेवाइकाच्या लग्नाला नागपूरकडं गेले होते, मेळाव्याच्या आधी परत येणार होते. त्यांनी सांगितलं की नव्या पट्टीशिवाय याला दुसरा उपाय नाही, मी आल्या दिवशी लगेच या. ती फोनवर दोनदा सॉरी म्हणाली, आणि दुसऱ्यांदा तिचा आवाज कापला. मला तिनं आजवर सॉरी म्हटलेलं नाही. (चूक माझीच असते हे खरं, पण तरी.) आणि पट्टी नसल्यानं डॉक्टरांचं नाव कमी होईल हा माझा हिशेबही चुकला. आता दिवसभर तेच चालू झालं. डॉक्टर काय म्हणतील. डॉक्टरांनी किती बजावलं होतं. डॉक्टर कधी येतील. मी एक डबी लपवून आख्खा माणूस घरात आणून बसवला होता.

सहा-सात दिवसांत तिला आरशात दिसायला लागलं. पुढच्या दोन दातांच्या मध्ये बारीक फट. आधी केसाएवढी, मग ज्वारीचं कुसळ अडकेल एवढी. चढून बसणारा तो जुना दात पण अंग तिरकं करायला लागला होता. ती मला बोलावून दाखवायची आणि विचारायची, दिसतं का हो. मी म्हणायचो, छे. मग एका सकाळी आई म्हशीबद्दल काहीतरी बोलली, साधंच, पण उत्कर्षाला एकदम हसू फुटलं. आणि तिचा हात वर गेला. तोंडावर. पूर्वी जायचा तसा, आपोआप.

ते बघून माझ्या हातातला घास ताटात राहिला. इतक्या महिन्यांत तो हात तसा गेलाच नव्हता, हे मला तो गेल्यावर कळलं. त्याच दिवशी तिनं मुख्याध्यापकांना फोन करून सांगितलं की सूत्रसंचालन दुसऱ्या कुणाला तरी द्या. कारण विचारल्यावर घसा बसलाय म्हणाली. घसा चांगला होता. मला म्हणाली, सगळे तोंडाकडंच बघणार, एवढ्या तारा लावून काय मिळवलं म्हणणार.

मी ठरवलं, मेळावा राहू दे, शाबासकी राहू दे, पट्टी आजच द्यायची. ऑफिसला गेलो, कुणी नाहीसं बघून डिकी उघडली, रेनकोट उचलला, डबी उघडली. मार्चचं ऊन, वरून सीट तापलेली, खालून इंजिन. पट्टी आवळली होती. तव्यावर पापड मुरडतो तशी एका बाजूनं वर आली होती.

आमचे शिपाई गेणबा मागंच उभे होते. वयानं मोठे, आणि सल्ला द्यायला कधी मागं न राहणारे. मी म्हणालो, ओळखीच्या एकाची वस्तू आहे, वाकडी झालीय. ते म्हणाले, कढत पान्यात टाका, बैलाची शिंगं वळवायला ऊबच देत्यात, हे तर पिलाष्टिक हाय. मला ते पटलं. (यावरून माझी त्या वेळची मनःस्थिती लक्षात यावी.) चहाच्या किटलीतलं उकळतं पाणी वाटीत ओतलं आणि पट्टी सोडली. तिनं लाजाळूच्या पानासारखं अंग मिटून घेतलं. गेणबांनी ती चिमट्यात धरून सगळ्या बाजूंनी न्याहाळली.

"आता ही फकस्त कोंबडीला बसंल," ते म्हणाले.

कोंबडीला दात नसतात, मी म्हणालो.

"म्हनूनच," गेणबा म्हणाले.

डॉक्टर त्या दिवशी परतले होते. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि स्कूटर बारामतीच्या रस्त्याला लावली. वाटेत मी एक बेत केला. गुपचूप नवी पट्टी करून घ्यायची, डबीत घालायची, डबी गोठ्यात गव्हाणीखाली ठेवायची, आणि ती आईला सापडू द्यायची. म्हशीवरचा आळही जाईल. बेत चांगला होता. माझे बेत डोक्यात असेपर्यंत चांगलेच असतात.

दवाखाना गार, पांढरा आणि डॉक्टर फोटोपेक्षाही उंच. मी नाव सांगितल्यावर ते उठून उभे राहिले आणि म्हणाले, या दादासाहेब, तुमच्याबद्दल बरंच ऐकलंय. काय ऐकलंय, मी ताठ होऊन विचारलं. ते म्हणाले, हेच की हंगामामुळं तुम्हाला वेळ नसतो. हे ते इतक्या चांगुलपणानं म्हणाले की मला जास्तच राग आला. माणूस जरा तरी छचोर निघाला असता तर माझं निम्मं दुखणं कमी झालं असतं.

मी म्हणालो, आमच्या हिची पट्टी हरवलीय, तुमच्याकडं साचा असेल, त्यावरून एक करून द्या, तिला कशाला त्रास. डॉक्टरांनी मागचं कपाट उघडलं. आत फळ्यांवर दातांचे पांढरे साचे ओळीनं मांडलेले, प्रत्येकाखाली नाव. त्यांनी न शोधता हात घातला आणि उत्कर्षाचे दोन साचे काढून टेबलावर ठेवले.

माझ्या बायकोचे दात दुसऱ्याच्या कपाटात होते. आणि ते कुठल्या फळीवर आहेत हे त्याला पाठ होतं. मला माझा गॅसचा नंबर पाठ नाही.

त्यातला एक साचा तारा काढल्यानंतरचा, सरळ, नीट. दुसरा तारा लावायच्या आधीचा. मी तो उचलला. पुढं आलेले दात, आणि तो बांधावर चढलेला. पणदऱ्याला मी तिला बघायला गेलो होतो, तेव्हा पोह्यांची बशी घेताना माझ्या हातून ती कलंडली आणि सगळे पोहे माझ्याच मांडीवर सांडले. ती एकदम हसली होती, आणि हात तोंडावर जायच्या आधी मला एवढा एक दात दिसला होता. त्या दातावर मी होकार दिला होता. आजपर्यंत हे मी कुणाला सांगितलं नाही, तिलाही नाही. जुने दात माझे होते. नवे डॉक्टरांनी केले, सगळा तालुका बघतोय, आणि माझा तो एक दात कुणी मला न विचारताच सरळ करून टाकला. माझ्या पोटातल्या कळेचं मूळ मला दातांच्या दवाखान्यात सापडलं.

डॉक्टर सांगत होते की नुसत्या साच्यावर भागणार नाही. इतके दिवस पट्टी नव्हती, दात थोडे हलले असणार, त्यावरून केलेली पट्टी बसणारच नाही किंवा नुसती दुखेल. पण फार उशीर झालेला नाही. ताईंना आणा, नवीन माप घेऊ, हळूहळू परत जागेवर घेता येतील. मग सहज विचारल्यासारखं म्हणाले, जुनी अजिबातच सापडली नाही का. मी खिशातून डबी काढली आणि उघडून टेबलावर ठेवली. लपवायला गेलो होतो, पण त्या साच्याकडं बघून माझं डोकं चाललं नाही.

त्यांनी पट्टी उजेडात धरली. "हे उष्णतेनं होतं," ते म्हणाले. "कुठं होती?"

"डिकीत," मी म्हणालो.

"ताईंच्या गाडीच्या?"

"तिला गाडी नाही," मागून आवाज आला.

उत्कर्षा दारात उभी होती. डॉक्टर आल्या दिवशी लगेच या म्हणाले होते. बेताच्या नादात मी ते विसरलो होतो, पण ती सांगितलेलं ऐकते. एसटीनं आली होती. ती टेबलापाशी आली, पट्टी हातात घेतली, तिचा तो मिटलेला आकार बघितला, मग माझ्याकडं बघितलं. डॉक्टरांना एकाएकी हात धुवायची आठवण झाली आणि ते आतल्या खोलीत गेले. नळ बराच वेळ चालू होता.

"आत्याबाई रोज शेण चिवडत होत्या," ती म्हणाली.

मी म्हणालो, माहीत आहे.

"का केलंत?"

मी खाली बघून म्हणालो की घरात सारखं डॉक्टर, डॉक्टर चालायचं. मला ऐकवत नव्हतं. मला वाटलं ती रडेल, किंवा पट्टी माझ्या अंगावर फेकेल. तिनं ती नीट डबीत ठेवली.

"पुढच्या महिन्यापासून मला इथं सहा महिन्यांतून एकदा यायचं होतं," ती म्हणाली. "आता आठवड्याला यावं लागेल. आणि मेळाव्याचं मी नाही म्हणून सांगितलंय, ते आता हो म्हणून सांगणार आहे. फट तर फट. तुम्ही पहिल्या रांगेत बसायचं, डॉक्टरांच्या शेजारी."

डॉक्टर हात पुसत बाहेर आले. हवा जरा हलकी करावी म्हणून असेल, ते मला म्हणाले, आलाच आहात तर बसा खुर्चीत, तुमचेही बघतो. मी बसलो. नाही म्हणायचा हक्क मी घालवलेला होता. त्यांनी आरसा घालून बघितलं, दाढा बघितल्या, आणि भुवया वर केल्या. दाढा सगळ्या झिजून सपाट झालेल्या होत्या.

"झोपेत दात खाता का?" त्यांनी विचारलं.

"जागेपणीसुद्धा," उत्कर्षा म्हणाली.

हे असं चालू राहिलं तर दाढा पार जातील, म्हणून मलाही रात्री घालायची पट्टी द्यायचं ठरलं. पट्ट्या तयार करायचं यंत्र दवाखान्यातच होतं. नवराबायकोची मापं एकापाठोपाठ घेतली आणि संध्याकाळपर्यंत दोन डब्या तयार झाल्या. तिची गुलाबी, माझी हिरवी. सवय व्हावी म्हणून मी दिवसाही थोडा वेळ घालायची होती. आता आमच्या दोघांचे साचे त्या कपाटात एका फळीवर आहेत. घरी आल्यावर आईला सगळं सांगावं लागलं. आई रागावली नाही. एवढंच म्हणाली, दादासो, उद्यापासनं गोठ्याचं तू बघ. अजून मीच बघतो.

मेळावा वालचंदनगरला भर दुपारी होता. मी पहिल्या रांगेत, डॉक्टरांच्या शेजारी. ती स्टेजवर आली. मोरपंखी साडी. (मी आणलेली नाही.) पहिल्याच वाक्याला माईकनं शिट्टी मारली आणि सगळा हॉल हसला. तिलाही हसू आलं. हात निघाला, हनुवटीपर्यंत आला, आणि तिथून तिनं तो खाली घेऊन माईकच्या दांड्यावर ठेवला. ती तशीच हसली, फटीसकट. टाळ्या सगळ्यात आधी डॉक्टरांनी वाजवल्या, हे मला तेवढ्यातही खटकलं. मग मी त्यांच्यापेक्षा जोरात आणि जास्त वेळ वाजवल्या, इतक्या की मागचे लोक कार्यक्रम संपला समजून उठायला लागले.

पाहुण्यांची ओळख तिनं आरशापुढं म्हटली होती तशीच, शब्दही न बदलता करून दिली. 'हसू फुलवलं'वर किंचित थांबली, आणि थांबली तेवढ्यात तिनं माझ्याकडं बघितलं. त्या बघण्यात हसू नव्हतं. नंतर खाली लोकांनी तिला गराडा घातला. कुणी आवाजाचं कौतुक केलं, कुणी पुढच्या कार्यक्रमाचं आमंत्रण दिलं. तिच्या एका मैत्रिणीनं मी कोण म्हणून विचारलं, तेव्हा ती म्हणाली, हे आमचे हे.

उन्हं उतरल्यावर आम्ही स्कूटरवरून परत निघालो. दवाखान्यातल्या त्या दिवसापासून ती माझ्याशी कामापुरतंच बोलत होती. दोघांच्या मध्ये तिची पर्स होती. मी सवयीसाठी हिरव्या डबीतली पट्टी घातली होती. बराच वेळ मनाशी जुळवाजुळव केली आणि मान थोडी मागं वळवून म्हणालो, "आज तू फार छान दिशत होतीश."

ती म्हणाली, काय म्हणताय, कळत नाही. मी पुन्हा म्हणालो. ती म्हणाली, तोंडातलं काढून बोला.

कालव्याच्या पुलावर मी स्कूटर बाजूला घेतली. पट्टी काढली, डबीत ठेवली, झाकण लावलं. दोन्ही बाजूंना ऊस, खाली पाणी संथ चाललेलं. लग्नानंतर हे वाक्य पहिल्यांदाच बोलत होतो, त्यामुळं पट्टी नसतानाही जीभ अडखळली.

"आज तू फार छान दिसत होतीस."

ती पाण्याकडं बघत राहिली. मग हळूहळू तिच्या चेहऱ्यावर हसू आलं. दोन्ही हात पर्सवरच होते. मला वाटलं, झालं, आपलं सगळं माफ झालं. ती माझ्याकडं वळली आणि मला नीट न्याहाळून म्हणाली, "हे डॉक्टरांनी सांगितलं का बोलायला?"

मी स्कूटर सुरू केली.

सांगितलं होतं. माझं माप घेताना माझ्या तोंडात सगळा लगदा भरलेला होता, म्हणजे मला उलट बोलायची सोय नव्हती, तेवढ्यात ते कानाशी वाकून म्हणाले होते, दादासाहेब, घरी एकदा म्हणून बघा, तू छान दिसतेस म्हणून. त्यातला 'फार' तेवढा मी माझ्या मनानं घातला होता.